पंखा फिरतो, मग होडी का थांबते?

पुलगावचे नावच पुलावरून पडले. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग वर्धा नदी ओलांडतो तो इथे, आणि पलीकडच्या काठापासून अमरावती जिल्हा सुरू होतो. मे महिन्यात गाडीच्या खिडकीतून खाली पाहिले तर खडक, वाळू आणि मधे मधे साचलेली डबकी दिसतात. ऑगस्टमध्ये तीच नदी ओळखू येत नाही. वरच्या अंगाला मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणाचे १३ दरवाजे आहेत, अलीकडे आर्वी तालुक्यात निम्न वर्धाचे ३१. त्यांतले किती उघडले आणि किती उंचीने उघडले, यावर काठच्या गावांची रात्र कशी जाणार हे ठरते.

मोटरबोट म्हटले की आपल्याला कोकण आठवते, गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँच आठवतात. आमच्या भागात मोटरबोट वर्षातून चार-सहा दिवसच लागते. पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी तिच्यावाचून दुसरा इलाज नसतो.

एका वर्षी पहिल्या पावसानंतर नदीकाठी बचावाचा सराव चालू होता. होडी जुनी, मागे लावलेले आउटबोर्ड इंजिनही जुने. दोन माणसे बसली, इंजिन पहिल्या दोरीला सुरू झाले, होडी छान फेरी मारून आली. मग आठजण बसले आणि होडी प्रवाहाच्या उलट निघाली. चालवणाऱ्याने रेस वाढवली. इंजिनाचा आवाज एकदम चढला, अगदी किंचाळल्यासारखा, आणि होडी जागच्या जागी मंदावली. रेस कमी केली तशी ती पुन्हा चालू लागली. वाढवली की पुन्हा तेच. काठावर लगेच मते सुरू झाली. कुणी म्हणाले इंजिन कामाला काढा, कुणी म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी आहे. एक वयस्क मिस्त्री तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन वर उचलून घेतले, पंखा फडक्याने पुसला आणि खिशातले मार्कर पेन काढले.

त्या पेनाने काय केले ते पुढे सांगतो. आधी कोडे नीट मांडू या. इंजिन जोरात आहे, पंखा फिरतो आहे, मग जोर जातो कुठे?

पहिला प्रश्न कानाला विचारायचा

दुचाकीची क्लच प्लेट झिजली की काय होते, हे बहुतेकांनी अनुभवलेले असते. चढावर रेस द्यावी, इंजिन ओरडते आणि गाडी मात्र रांगते. इंजिनात दोष नसतो, इंजिन आणि चाक यांच्यामधला एक दुवा हात सोडत असतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की हेच होते. मोटार फिरत राहते, जाते मंदावते.

होडीतही अशीच साखळी आहे. वर इंजिन. त्यातून खाली जाणारा उभा दांडा. पाण्याखालच्या डब्यात गिअर, ते फिरणे आडवे करतात. तिथून निघणारा आडवा दांडा, त्यावर बसवलेला पंखा म्हणजे प्रोपेलर, पंख्याच्या पोटात एक रबरी बुश, मग पाती आणि शेवटी पाणी. पाणी हादेखील एक दुवाच आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

म्हणून पहिला प्रश्न असा: होडी मंदावते तेव्हा इंजिनाचे फेरे वाढतात की कमी होतात? फेरे आणि वेग दोन्ही घटत असतील तर कुठलाही दुवा सुटलेला नाही. इंजिनालाच दम नाही, किंवा त्याच्यावर ओझे जास्त आहे. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, प्लग खराब असेल, किंवा होडीच्या फळ्यांखाली पाणी साचून ती जड झाली असेल. फेरे चढतात आणि वेग पडतो, तेव्हाच ती घसरण. काठावरची पेट्रोलची चर्चा या एका प्रश्नाने तिथेच संपली असती.

थोडी घसरण हवीच असते

प्रोपेलर लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा आहे. स्क्रूला एक पूर्ण फेरा दिला की तो आट्यांमधल्या अंतराइतका पुढे जातो. पंख्यालाही असे एक अंतर असते, त्याला पिच म्हणतात. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच १२ म्हणजे पाण्याऐवजी घट्ट लोण्यासारखे काही असते तर एका फेऱ्यात होडी १२ इंच पुढे गेली असती.

पण पाणी मागे सरकते, आणि ते सरकायलाच हवे. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे ढकलली जाते. पाणी अजिबात मागे गेले नाही तर होडीला रेटा मिळणार कुठून? काळ्या मातीत नांगरणारा ट्रॅक्टर पाहा. चाक जेवढे फिरते तेवढा ट्रॅक्टर पुढे जात नाही, १० ते १५ टक्के फिरणे मातीतच जिरते आणि त्यातूनच ओढ मिळते. चिखलात चाक नुसतेच गरगरू लागले की मात्र ओढ संपली. होडीचेही तसेच आहे. हलकी, वेगाने पाण्यावर उठून पळणारी होडी १० ते २० टक्के घसरते. माणसांनी भरलेली जड होडी ३० टक्के घसरली तरी तिच्यात दोष आहे असे म्हणता येत नाही. आणि होडी घाटावरच्या खुंटाला दोराने बांधून इंजिन चालवले तर घसरण १०० टक्के, तरीही दोर ताणलेला! म्हणजे घसरण हा शब्द ऐकून लगेच घाबरायचे नाही. किती आणि कुठे, हे विचारायचे.

किती, ते कागदावर काढता येते. समजा इंजिनाचे मिनिटाला ५,००० फेरे आहेत आणि गिअर ते निम्मे करतो. पंख्याचे फेरे झाले २,५००. पिच १२ इंच, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. मिनिटाला ७६२ मीटर, ताशी ४५.७ किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. खरा वेग मोबाइलमधले जीपीएस सांगते, पण नदीत एक काळजी घ्यायची. जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग मोजते, पंखा काम करतो पाण्यात. म्हणून तेवढीच रेस ठेवून एकदा प्रवाहाच्या दिशेने, एकदा उलट जायचे आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. जाताना ३९ आणि येताना ३३ मिळाले तर पाण्यातला वेग ३६. घसरण सुमारे २१ टक्के, म्हणजे सगळे ठीक. सरासरी १८ आली तर घसरण ६० टक्क्यांच्या घरात जाते, आणि तेव्हा पंखा उघडून पाहावाच लागतो. जुन्या इंजिनाला फेरे दाखवणारा काटा नसतो. प्लगच्या वायरीला गुंडाळून फेरे मोजणारे छोटे मीटर मिळते, ते अशा वेळी फार उपयोगी पडते.

पंख्याचा आकार किती असावा हे माणसाला लगेच कळले नव्हते. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रू-प्रोपेलरचे पेटंट घेतले. त्याचा लाकडी स्क्रू लांबलचक होता, पूर्ण दोन वेढ्यांचा. पुढच्या वर्षी कालव्यातल्या चाचणीत त्यातला अर्धा तुटून गेला आणि होडी मंदावण्याऐवजी अधिक वेगाने पळू लागली. आजचा आखूड, रुंद पात्यांचा पंखा त्याच वाटेने आला आहे.

पंख्याने हवा पकडली

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की शेतकरी म्हणतो, पंपाने हवा पकडली. मोटार फिरते, पाणी येत नाही. होडीच्या पंख्यालाही हे होते. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ असेल, होडी तिरकी होऊन वळत असेल किंवा इंजिन मागच्या फळीवर जास्त उंच बसवले असेल, तर पाती वरून हवा ओढून घेतात. हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या भागाइतकीच जड. तिला ढकलून कसला रेटा मिळणार? फेरे चढतात, मागे पांढरा फेस उसळतो, एक्झॉस्टचा आवाज बदलतो.

हे टाळायला पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती साधारण होडीच्या तळाच्या पातळीत यावी असा नियम आहे. फुगवलेल्या रबरी होडीत हवा कमी भरली तर मागची फळी इंजिनाच्या ओझ्याने कलते आणि ही सगळी मापे बिघडतात. तेव्हा पंख्याला दोष देण्याआधी होडीतली हवा तपासावी. हवा पकडण्याची खूण सोपी आहे. ती वळणावर आणि लाटेवर होते, फेसासकट होते, आणि रेस क्षणभर सोडली की पंख्याला पुन्हा पाणी मिळते.

याच्यासारखेच दिसणारे पण वेगळे असे दुसरे एक प्रकरण आहे, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी आणि पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. दाब आणखी खूप कमी केला तर पाणी ३० अंशांवरही उकळेल. त्यासाठी तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चोविसाव्या भागाइतका खाली यावा लागतो. जोरात फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर इतक्या कमी दाबाचा खळगा खरोखर तयार होतो. तिथे थंड पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढच्याच क्षणी फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर सूक्ष्म घण बसतो, म्हणून पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया ही नौका बांधली, तेव्हा त्यांना याच अडचणीने ग्रासले. यंत्रात भरपूर ताकद, पण एकच पंखा इतका वेगाने फिरे की तो वाफेतच घुसळत राही. शेवटी त्यांनी तीन दांडे बसवले आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये ती नौका ३४ नॉटच्या पुढे गेली.

आपल्या नदीतल्या होडीत कॅव्हिटेशन बहुधा मार बसलेल्या पात्यामुळे होते. वर्धेचे पात्र काळ्या दगडाचे. पाते दगडाला लागले की त्याची कड दुमडते, आणि दुमडलेल्या कडेमागे हे बुडबुडे सुरू होतात. पुरात वाहून येणाऱ्या पऱ्हाट्या, काटेरी कुंपणाची तार, प्लास्टिक, जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यात गुरफटला तरी घसरण वाढते. नायलॉनचा दोरा तर आणखी नुकसान करतो. तो पंख्यामागे दांड्याला आवळून बसतो आणि तेलाचे सील कापतो. गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे.

पंख्याच्या पोटातले रबर

आता त्या सरावातल्या होडीकडे येऊ. तिच्या मागे फेस नव्हता. पाती सरळ होती. होडी वळत नव्हती, सरळ चालली होती. रेस एका ठरावीक हद्दीपुढे गेली की घसरण, आणि हद्द दर वेळी तीच.

पंखा अखंड धातूचा दिसतो, पण तो दोन तुकड्यांचा असतो. आत पितळेची नळी, तिच्या आतल्या बाजूला खाचा, त्या दांड्याच्या खाचांत बसतात. बाहेर पात्यांचा अॅल्युमिनियमचा तुंबा. या दोहोंच्या मध्ये दाबून बसवलेले रबर. इंजिनाची सगळी ताकद या रबरातूनच पात्यांकडे जाते. रबर कशाला, सरळ धातूच का नाही? कारण पाते दगडावर आदळले तर झटका कुणीतरी खायला हवा. रबर नसेल तर तो गिअरचे दात खातील. रबर क्षणभर घसरते, गिअर वाचतो. लहान, जुन्या इंजिनांत हेच काम एक मऊ धातूची पिन करते. तिला शिअर पिन म्हणतात. धक्का बसला की ती मोडते आणि पंखा पूर्ण सुटतो. पिन मोडली तर कुठल्याच रेसला होडी हलत नाही. रबर सुटले तर हळू चालवताना होडी चालते आणि जोर लावला की नाही. हा फरक फार मोलाचा आहे.

रबर म्हातारे होते. बऱ्याच आउटबोर्डमध्ये गरम एक्झॉस्ट पंख्याच्या पोटातूनच बाहेर पडतो. त्यात आमच्याकडचा उन्हाळा, ४५ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये पडलेली होडी. रबर कडक होते, पितळेला धरून ठेवणारी त्याची पकड जाते. एकदा दगडाचा झटका खाऊन ते घसरले की त्या जागी गुळगुळीत होते आणि पुढच्या वेळी आणखी कमी जोरात घसरते.

*चौकट: लक्षणावरून दोषाकडे*
*फेरे कमी, वेगही कमी: इंजिन, इंधन किंवा ओझे पाहा.*
*फेरे चढतात, फेस येतो, वळणावर जास्त: पंखा हवा पकडतो आहे. इंजिनाची उंची आणि होडीतली हवा पाहा.*
*फेरे चढतात, होडी थरथरते: पाते वाकले आहे किंवा काही गुरफटले आहे.*
*फेरे चढतात, खालून खट्-खट् आवाज येतो: गिअरचा डॉग क्लच झिजून सुटतो आहे, डबा उघडावा लागेल.*
*फेरे चढतात, फेस नाही, आवाज नाही, ठरावीक रेसनंतरच: रबरी बुश.*
*कुठल्याही रेसला हालचाल नाही: शिअर पिन किंवा दांड्याच्या खाचा.*

पेनाची एक रेघ

मिस्त्रींनी पंख्याच्या मागच्या तोंडावर एक सरळ रेघ मारली. पितळेच्या नळीपासून सुरू करून रबरावरून थेट बाहेरच्या धातूपर्यंत. मग होडी पुन्हा पाण्यात, आठ माणसे, प्रवाहाच्या उलट, रेस वाढवून दोन-तीन वेळा ते किंचाळणे होऊ दिले आणि परत. इंजिन बंद करून, किल स्विचची दोरी काढून, पंखा वर घेतला. रेघ तुटली होती. पितळेवरचा तुकडा एकीकडे, बाहेरचा तुकडा चार बोटे सरकून दुसरीकडे. रेघ सलग राहिली असती तर बुश निर्दोष ठरला असता आणि शोध गिअरच्या डब्याकडे वळला असता.

दहा रुपयांच्या पेनाने लागलेला हा निकाल मला कुठल्याही मोठ्या यंत्राच्या निकालाइतकाच पक्का वाटतो, कारण रेघ तुटायला दुसरे कारणच नाही.

यावर उपाय म्हणजे पंखा बदलणे, किंवा कारखान्यात प्रेसखाली नवा बुश बसवून घेणे. नव्या काही पंख्यांत रबराऐवजी प्लास्टिकची सुटी नळी असते, ती काठावर बसूनही बदलता येते. एक उपाय मात्र कधी करू नये. पितळ आणि तुंबा यांना बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून कायमचे जखडायचे नाही. होडी त्या दिवशी चालेल, पण पुढच्या दगडाला रबर नसल्याने गिअरचे दात जातील, आणि तेही भर प्रवाहात. बुश पाण्यातच सुटला तर रेस कमी ठेवायची. हळू चालवले तर रबर बहुतेकदा काठापर्यंत साथ देते.

शांत पाण्यात लपणारा दोष

मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती या दोषाच्या लपण्याची. पंख्यावर येणारा पिळा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की पिळा चौपट. ५,००० फेऱ्यांना रबरावर जेवढा पिळा येतो, २,००० फेऱ्यांना त्याच्या जेमतेम १६ टक्के येतो. म्हणजे दोन माणसांना घेऊन, डबक्यात, सावकाश मारलेल्या फेरीत बुशाच्या ताकदीचा सहावा भागसुद्धा तपासला जात नाही. अर्धमेला बुश त्या परीक्षेत आरामात पास होतो. नापास होतो तो छपरावर माणसे बसलेली असताना, होडी भरलेली असताना आणि धरणाचे दरवाजे उघडे असताना. त्यातच भरलेली होडी पाण्यातून हळू सरकत असते, तेव्हा त्याच फेऱ्यांना पिळा आणखी जास्त असतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला आहेत, राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ. त्या पोचेपर्यंतचे पहिले तास जिल्ह्यातल्या होड्यांचेच असतात, आणि त्या होड्या वर्षातले अकरा महिने शेडमध्ये असतात. म्हणून पावसाळ्याआधीची चाचणी ओझ्यासकट व्हावी, असे मला अगदी मनापासून वाटते. माणसे नसतील तर वाळूची पोती चालतील. नदीत पाणी नसेल तर धरणाच्या जलाशयात जावे. तेही जमत नसेल तर खोल पाण्यात होडी भक्कम खुंटाला दोराने बांधून, मागे कुणालाही उभे न करता, रेस हळूहळू वाढवावी आणि दोराकडे पाहावे. दोर ताणत गेला तर ठीक. फेरे चढले आणि दोर ढिला पडला तर पंखा उघडावा. होडीत एक जादा पंखा, शिअर पिना, स्प्लिट पिना आणि पंख्याच्या नटाचा पाना दोरीने बांधून ठेवलेला असावा. पाना बांधलेला का, हे ज्याच्या हातून तो एकदा नदीत पडला आहे त्याला सांगावे लागत नाही.

त्या सरावातल्या होडीला आठवड्याने दुसरा पंखा आला. मिस्त्रींनी दांड्याच्या खाचा घासून साफ केल्या, ग्रीस लावले, नट आवळला, पिनेची टोके वळवली. मग पेन काढून नव्या पंख्यावर पितळेपासून बाहेरपर्यंत एक रेघ मारली, तिच्याशेजारी तारीख लिहिली आणि होडी पाण्यात ढकलायला सांगितले.